बसून आलेला थकवा

दर सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या मोबाईलवर एक हिंदी मेसेज येतो. ‘आपकी सहेली ने इस हफ़्ते कोई जानकारी नहीं भरी.’ ही सहेली म्हणजे जमनाबाई भोईर, दापोड्याच्या आमच्या घरमालकीणबाई. त्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं. थकव्याची नोंद ठेवणारं एक ॲप त्यांच्या फोनमध्ये होतं. त्यात जवळचं माणूस म्हणून माझा नंबर घातलेला होता, आणि तो काढायचं नंतर कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मला काढता येईल, दोन मिनिटांचं काम आहे. पण सोमवार येतो, मेसेज येतो, मी तो वाचते आणि कामाला लागते.

आम्ही त्यांच्या चाळीत राहायला गेलो तेव्हा मी वडप्याच्या एका गोदामात बिलिंगला होते आणि माझा नवरा शेजारच्या गोदामात डिस्पॅचला. भिवंडीतल्या घरून रोज जायचं तर नाक्यावरच्या कंटेनरांच्या रांगेत तास-दीड तास फुकट जायचा. दापोड्यात भोईरांच्या दहा खोल्या आहेत असं कळलं म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराला चौकशीला गेलो. ओट्यावर मोठा झोपाळा, त्यावर गादी, आणि गादीवर पन्नाशी उलटलेली एक बाई डोळ्यांवर पदर घेऊन आडवी. गळ्यात भरपूर सोनं. आम्ही दोनदा खाकरलो तरी पदर हलला नाही.

‘बसा,’ पदराखालूनच आवाज आला. ‘उभ्यानं बोलू नका. मना मान वर कराला लागतं.’

खोलीचं सगळं बोलणं त्यांनी आडवं पडूनच पुरं केलं. परत येताना मी नवऱ्याला म्हटलं, ‘शेतावर गोदामं उठली, भाडं घरबसल्या येतंय, आता भरदिवसा लोळायला लाज कसली?’ मी भिवंडीतल्या मास्तरांच्या घरातली मुलगी. आमच्याकडे दिवसा आडवं पडायला निदान ताप तरी लागायचा. हे माझं पहिलं मत इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे गावातल्या लोकांवर मी जी चिडले ती अगदी याच मतासाठी चिडले.

राहायला गेल्यावर मी त्यांना मावशी म्हणू लागले. मावशींच्या काही गोष्टी चमत्कारिक वाटायच्या. पाण्याची बाटली सतत हाताशी, तिच्या गळ्याला रुमाल बांधलेला. दोन वाक्यं बोलल्या की एक घोट. भाकरी आमटीत पार विरघळेपर्यंत भिजवल्याशिवाय तोंडात घालायच्या नाहीत. घरातही काळा चष्मा. दिवसातून चार-पाच वेळा मान मागे टाकून डोळ्यांत थेंब सोडायच्या आणि म्हणायच्या, ‘सासू मेली तवा डोल्यांत पानी न्हाय आला. लोकं बोलली, जमना दगड हाय. आता बाटलीतला पानी आनलाय, तं रडाला कोन मरतच न्हाय.’ असं बोलून स्वतःच हसायच्या आणि हसता हसता ओठ चिरायचे, ते पदरानं टिपायच्या. तब्येत मात्र दिसायला ठणठणीत. भरलेला चेहरा, उंच बांधा. रस्त्यानं जाणारी प्रत्येक बाई म्हणायची, ‘बरा हाय बाय तुजा!’

त्या धवलारीण आहेत हे मला दोन महिन्यांनी कळलं. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवला म्हणजे त्या विधीचं गाणं म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी असो नसो, मांडव घालण्यापासून नवरी घरात येईपर्यंत तिच्या आवाजाशिवाय पान हलत नाही. तीन घरं सोडून एक लग्न होतं. हळद दळायचा विधी चालला होता आणि मी सहज डोकावले. जात्याशेजारी पाटावर मावशी बसल्या होत्या. ताठ. चष्मा नव्हता. आवाज उंच, थोडा खरखरीत, आणि मागेपुढे न बघणारा. हळद कुणी पेरली, कुणी खणली, कुणाच्या हातून ती नवरीच्या अंगाला लागणार, सगळं त्या ओळीमागून ओळ सांगत होत्या. बाहेर साऊंडवाल्याची सेटिंग चालू होती, पण मांडवातल्या बायकांचं लक्ष तिकडे नव्हतं. माझंही नव्हतं. पाऊण तास त्या गायल्या आणि बाटलीला हात लावला नाही.

त्यानंतर चार दिवस त्या उठल्या नाहीत. त्यांचा मुलगा कैलास सकाळी गाडी काढायच्या आधी आईला धरून न्हाणीघरात न्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, दर लग्नाला असंच होतं. लोकं म्हणतात नजर लागते. मी म्हणतो कशाला जातेस? आपल्याला काय कमी आहे? तर ऐकत नाही.’

कैलासचं प्रेम होतं आईवर, यात काही शंका नाही. पण त्याला तो थकवा दिसत नव्हता, कारण त्या थकव्याला कारणच दिसत नव्हतं. एक गाणं म्हटलं म्हणून माणूस चार दिवस पडतं, हे मलाही पटलं नव्हतं.

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी छडा लावला. आजाराचं नाव शोग्रेन. शरीराची राखण करणारी फौज उलटून शरीरावरच धावून जाते, लाळ आणि आसवं तयार होतात त्या ग्रंथी सुकवते, सांधे दुखवते, आणि वरून हा थकवा. बरा होणारा नाही, सांभाळायचा. गोळ्या मिळाल्या, थेंब तर होतेच. थकव्यासाठी मात्र डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ‘गोळीनं तो पुरता जाणार नाही. तुम्हालाच तो ओळखायला शिकायचंय. दिवसातून तीनदा फोनमध्ये भरा, थकवा किती. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जास्तीत जास्त. काय काम केलं तेही सांगा. महिन्याभरात आपल्याला कळेल, कुठल्या कामानं तुम्ही पडता आणि किती आधी थांबायला हवं.’

ते ॲप मराठीत नव्हतं, हिंदीत होतं. मीच त्यांच्या ओट्यावर बसून ते फोनमध्ये चढवलं. मावशी चौथी शिकलेल्या, वाचायला त्रास, म्हणून आवाज चालू केला. एक गोड आवाजाची बाई विचारायची, ‘अभी आप कितनी थकान महसूस कर रही हैं?’ मावशींना ती पहिल्या दिवसापासून आवडली. तिला त्या ‘पोरगी’ म्हणायच्या. पोरगीनं विचारलं की आधी तिला सविस्तर उत्तर द्यायच्या, ‘आता काय सांगू बाय, सकाली बोंबील साफ केलं, मंग जरा टेकली,’ आणि मग बोटानं आकड्यावर दाबायच्या. मी म्हटलं, ‘मावशी, तिला ऐकू येत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘नसू दे. घरात तरी कोनाला येतं?’

आता मावशींचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. त्यांच्या भावाची मुलगी सेजल. मावशींना मुलगी नाही. सेजल लहानपणापासून याच ओट्यावर वाढलेली. तिचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात व्हायचं होतं. गावात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना हळद लावली, आता आपल्या भाचीला आपल्या तोंडच्या धवल्यानं लावायची, एवढीच त्यांची इच्छा होती. कैलासचं म्हणणं, आत्या म्हणून मिरव, गायला दुसरी बाई आणू. पण दुसरी बाई कुठून आणणार? आसपासच्या गावांत धवलारणी उरल्या होत्या दोन, त्यातली एक ऐंशीच्या घरात. आणि मावशींनी कुणाला शिकवलं नव्हतं. ‘गाना दिला की आपल्याकडं ऱ्हात न्हाय,’ असं त्यांचं ठाम मत. दुसरं मत त्याहून ठाम, ‘उचललेला धवला खाली ठेवाचा न्हाय. अर्ध्यात थांबला तं नवरीला वाईट.’

पोरगीचा साप्ताहिक अहवाल दर सोमवारी माझ्या फोनवर यायचा. दोन, दोन, तीन, दोन, एक, दोन. खाली हिरव्या अक्षरांत, ‘बहुत अच्छा!’ मी खूश. बिलिंगवाल्या माणसाला आकडे एका रेषेत आलेले दिसले की बरं वाटतं, मागं काय आहे ते बघायची त्याला सवय नसते. त्या मधल्या काळात मावशी दिवसेंदिवस जास्त वेळ झोपाळ्यावर दिसत होत्या. तेही मी रोज बघत होते. पण आकडे म्हणत होते दोन, आणि मी आकड्यांवर विश्वास ठेवला. याचं मला आजही वाईट वाटतं. पोरगी तर रोज सांगायची, ‘आज आप थोड़ा ज़्यादा कर सकती हैं,’ आणि मावशी आज्ञाधारकपणे थोडं जास्त करायच्या. पापड लाटले. पायरी धुतली. वडप्याच्या एका लग्नाची सुपारी घेतली.

त्या लग्नात, नवरीला तेल चढवताना, गाता गाता त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. त्यांनी पाण्याला हात नाही लावला, कारण धवला खाली ठेवायचा नाही. पुढची ओळ ओढून काढली, त्याच्या पुढची अर्धी काढली आणि हळदीच्या परातीवर आडव्या झाल्या. मला फोन आला तेव्हा मी गोदामात होते. पोचले तर मांडवात गलका, पिवळ्या हातांच्या बायका, आणि मावशी एका सतरंजीवर, अर्धं तोंड हळदीनं माखलेलं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं, ‘धवला पुरा केला का कोनी?’ कुणी केला नव्हता. कुणाला येतच नव्हता.

कैलासनं तिथंच सांगून टाकलं, ‘बस झालं. आजपासून बंद. सेजलच्या लग्नात पण नाही.’

दुसऱ्या दिवशी ठाण्याला त्यानं मलाही बरोबर घेतलं, कारण फोनमधलं दाखवायला मी लागणार होते. डॉक्टरीणबाईंनी आलेख पाहिला. वर-खाली करून पुन्हा पाहिला.

‘मावशी, परवा, म्हणजे पडायच्या आदल्या दिवशी, तुम्ही दोन भरलेत.’

‘हां.’

‘त्या दिवशी केस विंचरताना हात वर राहत नव्हते, असं आत्ता सांगितलंत.’

‘न्हाय ऱ्हात व्हते.’

‘मग दोन कसे?’

मावशींनी बाटलीतला घोट घेतला.

‘बाय, तूच बोलली ना, दहा म्हंजे सगल्यात मोटा? माजा मोटा कनचा ते आयक. ह्याचा बा गेला तवा ह्यो पोटात व्हता, सातवा म्हयना. आवनीचा टाईम. भाताचा राब तयार, लावाला मानूस न्हाय. भाव आजारी. मी एकलीनं चार दिवसांत खाचर लावून काढला. वाकली की पोट गुडघ्याला लागाचा. सांजला घरी यावाची तं पाय कुटं हायेत ते समजाचा न्हाय. तो दहा. आता मी झोपाल्यावर बसतंय, पोरगा खावाला घालतं, गोदामाचा भाडा येतं. बसून आलेल्या थकव्याला मी दहा कशी बोलू? लाज न्हाय वाटाची?’

कैलास खाली बघत होता. ते खाचर म्हणजे आज जिथं त्याचं पहिलं गोदाम उभं आहे ती जागा. त्याला ही हकीकत ठाऊक होती की नव्हती, मला माहीत नाही. पण आईच्या मोजमापातला दहा म्हणजे आपण, हे त्याला त्या खुर्चीत बसून कळलं असावं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘तो आवणीचा थकवा झोपल्यावर जायचा का?’

‘एका झोपंत. सकाली पुन्ना चिखलात.’

‘आणि हा?’

मावशी बाटलीच्या गळ्याचा रुमाल सोडू लागल्या.

‘हा झोपून जातो का, मावशी?’

‘न्हाय जात.’

‘किती दिवस झाले?’

‘तीन वरसां,’ मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. ‘तीन वरसांत एक सकाल मी उठली न्हाय की मी झोपून उठली असा वाटला.’

‘मग मोठा कुठला?’

त्या रडत होत्या आणि डोळे कोरडे होते. मी थेंबांची बाटली काढून त्यांच्या डोळ्यांत दोन थेंब टाकले. त्या थेंबांनी गाल ओले झाले तेव्हा कैलासनं आईचं डोकं आपल्या छातीशी घेतलं. मला तिथं बसवेना, मी उठून बाहेर आले.

परतीच्या रस्त्याला लागलो. माणकोलीच्या नाक्यावर गाडी अडकली. समोर ट्रेलर, मागे ट्रेलर. कैलासनं आरशातून मागे बघून विचारलं, ‘आई, आत्ता किती?’

मागच्या सीटवरून आलं, ‘आट.’

त्या दिवसापासून तो प्रश्न घरचा झाला. कैलास निघताना विचारायचा, जेवायला आला की विचारायचा. आणि त्या आठ म्हणाल्या की तो ‘काय केलंस एवढं?’ असं म्हणायचा नाही. गाण्याची बंदीही त्यानं बोलून मागे घेतली नाही, नुसता तो विषय काढायचा थांबला.

मावशींना आकडा सांगायला शिकणं जड गेलं, पण त्याहून जड गेलं दुसरंच. खऱ्या आकड्यांवर पोरगीनं महिन्याभरात जो हिशेब काढला त्यात ती म्हणायची, थकायच्या आधी झोपा. अंगात जोर असताना, भांडी अर्धी घासलेली असताना, वीस मिनिटं आडव्या व्हा. मावशींना हा सरळ सरळ निर्लज्जपणा वाटायचा. ‘मरतंय तवा मानूस झोपतं, ठीक हाय. चांगली हाय तवा झोपाचा?’ तरी झोपायच्या. पोरगीची घंटी वाजली की हातातला कांदा तसाच टाकून झोपाळ्यावर. आंघोळ आणि कपडे एका दिवशी नाही. माडीवर चढायचं तर एकदाच. चिरायचं बसून, लाटायचं कुणीतरी दुसऱ्यानं. एखादा दिवस चांगला गेला की उड्या मारायच्या नाहीत, ही गोष्ट पोरगीनं त्यांच्याकडून पाच-सहा वेळा पडून झाल्यावर कबूल करून घेतली.

समोरच्या गुलाबबाई एकदा ओट्यापाशी थांबून नेहमीचं म्हणाल्या, ‘बरा हाय जमनाबाय तुजा!’

‘सात हाय,’ मावशी म्हणाल्या. ‘तुजा किती?’

गुलाबबाईंना काही कळेना. मावशींनी त्यांना बसवलं आणि शून्य ते दहा समजावून दिलं. गुलाबबाई म्हणजे पहाटे चारला उठून मासळी आणायला जाणारी, दोन सुना असून स्वतः पाणी भरणारी बाई. तिनं विचार करायला इतका वेळ घेतला की मला वाटलं विषय विसरली. मग म्हणाली, ‘मना पन सा असंल गो.’ आणि जरा हसून, ‘आजपातुर कोनी इचारलाच न्हाय.’ पुढं महिनाभर त्या गल्लीत हेच खूळ. कुणी पाच, कुणी सहा. नवऱ्यांनी चेष्टा केली, काहींनी केली नाही. मीही एका संध्याकाळी बिलिंगचं महिनाअखेर संपवून त्यांच्या ओट्यावर टेकले आणि न विचारता सात म्हटलं. मावशी उठल्या नाहीत, फक्त पाय आखडून घेऊन मला झोपाळ्यावर जागा केली.

लग्नाला दीड महिना राहिला तेव्हा आम्ही दोन दिवसांचे सगळे विधी पोरगीला सांगितले. तिनं दोन्ही दिवस लाल केले. ‘यह दिन आपके लिए बहुत भारी हो सकता है.’ मावशी तिच्याशी हुज्जत घालू लागल्या. मूर्तमेढीचा धवला सोडला, तरी लाल. मांडवाचा आखडला, तरी लाल. हळदीचा सोडायचा प्रश्नच नव्हता, आणि सगळ्यात लांब तोच. फोनवर डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘एका दमात नाही. मधे दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं. तेवढ्यात तुम्ही पडून राहा.’

‘दुसरी कोन?’

‘ते तुम्हीच सांगा.’

त्या आठवड्यात मावशी कुणाशी नीट बोलल्या नाहीत. पोरगीलाही नुसता आकडा द्यायच्या. मला त्यांचा राग कळत होता. लोकांना वाटतं असं माणूस मरणाला घाबरतं. त्यांना भीती वाटत होती ती आपण जिवंत असताना गाणं दुसऱ्याच्या तोंडी जाण्याची. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्यांनी झोपाळ्यावरून हाक मारली, ‘गुलाबला बोलव. न् तिच्या दोघी सुनांना पन. वही आनू नको. वहीत धवला न्हाय ऱ्हात.’

शिकवण्या झोपूनच झाल्या. मावशी आडव्या, त्या तिघी खाली सतरंजीवर. मावशी एक ओळ हळू म्हणायच्या, त्या तिघी मोठ्यानं. चुकलं की मावशी बोट वर करायच्या. पहिले दिवस बोट वरच असायचं. गुलाबबाईंचा आवाज भरदार होता पण चाल सरळ जायची, मावशींची वळणं येत नव्हती. एकदा मावशी वैतागून म्हणाल्या, ‘मासली इकतंस का हलद लावतंस?’ गुलाबबाई शांतपणे म्हणाल्या, ‘जमनाबाय, आट झाला तुजा. झोप.’ आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

लग्नानंतर आठवड्यातच नवऱ्याची नाशिकच्या गोदामात बदली झाली. सामान हलवलं त्या दिवशी मावशी ठाण्याला तपासणीला गेल्या होत्या, भेट झाली नाही. फोन व्हायचे, आकडे कळायचे. पावसाळ्यात त्यांच्या छातीत संसर्ग झाला, फुप्फुसं आधीच आजारानं कमजोर झालेली, आठ दिवसांत सगळं आटोपलं. मी पोचले तोवर ओटा धुऊन झाला होता. त्यामुळे मला त्या शेवटच्या दिसतात त्या मांडवातच, हळदीच्या दिवशी सकाळी.

आधीचे चार दिवस त्यांनी जवळजवळ काहीच केलं नव्हतं. जरीची हिरवी साडी, नाकात नथ, फोन कमरेच्या बटव्यात. सेजल पाटावर, समोर जातं, भोवती बायकांची दाटी. कैलास पुरुषांत जाऊन बसला नव्हता, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. मावशींनी धवला उचलला. पहिल्यांदा ऐकला तेव्हाइतका उंच नव्हता आवाज, पण नितळ होता, आणि प्रत्येक ओळ सेजलच्या तोंडाकडे बघून म्हटलेली. सेजल रडायला लागली. अर्ध्यावर आल्या असतील. बटव्यात फोन थरथरला, पोरगीची थांबायची खूण. मावशी गात राहिल्या. मला त्यांच्या मानेची शीर ताणलेली दिसली. पुन्हा थरथरला. खांबापाशी कैलासनं नुसती हनुवटी वर करून विचारलं, किती?

मावशींनी गाता गाता त्याच्याकडे पाहिलं. मग सेजलकडे. ओळ अर्धी झाली होती. ती त्यांनी तिथंच सोडली.

जातं थांबलं. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सेजलच्या आईचा हात तोंडाशी गेला. आणि मग मागून गुलाबबाईंनी ती ओळ जिथं पडली होती तिथून उचलली, त्यांच्या सरळ चालीत, वळणाशिवाय, आणि दोघी सुना त्यांना मिळाल्या. जातं पुन्हा फिरू लागलं.

कैलासनं आईला घरात नेलं नाही. सेजलच्या पाटाशेजारी गादी टाकली आणि तिथंच, तीन-चारशे माणसांदेखत, तिला निजवलं. सेजलनं हळदीचा हात पुसायचीही वाट न बघता आत्याचा हात धरला. मी पाण्याची बाटली घेऊन वाकले. मावशींनी मान हलवली.

‘थांब. आयकू दे.’

थोड्या वेळानं त्यांनी मला जवळ ओढलं. त्यांना मोठ्यानं बोलता येत नव्हतं.

‘चालीस वरसां मी बोलली गो. कवा आयकलाच न्हाय. असा लागतं ते मना ठावूकच नवता.’

गुलाबबाई चालीत एकदा चुकल्या, मग दुसऱ्यांदा. मावशी गुलाबबाईंकडे तोंड करून पडल्या होत्या, आणि धवला पुरा होईपर्यंत त्यांनी बोट वर केलं नाही.